रस्त्यावरच्या झाडाचं कोण?

(दृश्य: उपनगरातला रस्ता. दुतर्फा उंच झाडं, खाली उभ्या गाड्या.)

इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराच्या उपनगरांत रस्तोरस्ती जुनी झाडं आहेत. काहींनी शंभरी ओलांडलीय. 2012 साली तिथल्या कौन्सिलने, म्हणजे शहराच्या महापालिकेने, रस्ते, फुटपाथ आणि दिव्यांच्या देखभालीचं 25 वर्षांचं कंत्राट दिलं. रस्त्याकडेची झाडंही त्यातच गेली. 17,500 झाडं काढून नवी लावायची, हा कंत्राटातला आकडा लोकांसमोर आला तो थेट 2018 मध्ये.

मेलेलं, रोगट किंवा धोकादायक झाड तोडावंच लागतं. पण तोडणीच्या यादीत आणखी दोन कारणं होती: मुळांनी फुटपाथ उखडला, किंवा व्हीलचेअरला वाट उरली नाही. व्हीलचेअरची अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पण तिच्यावरचा उपाय बरेचदा फुटपाथमध्येच सापडतो. कडेचा दगड पातळ बसवायचा, मुळांवरून डांबराचा हलका चढ द्यायचा. पुढे कितीतरी झाडं अशीच वाचली.

मग कायदा कुठे होता?

ब्रिटनमध्ये वृक्ष संरक्षण आदेश असतो. नगररचना कायद्याखाली कौन्सिलने तो एखाद्या झाडावर काढला, की मालकाला स्वतःच्या अंगणातली फांदीसुद्धा परवानगीशिवाय छाटता येत नाही. पण आदेश काढणार कौन्सिल, आणि रस्त्यावरची झाडंही कौन्सिलच्याच ताब्यात. कुंपणच शेत खाऊ लागलं, तर दाद कुणाकडे मागायची? रहिवासी उच्च न्यायालयात गेले. 2016 मध्ये ते हरले.

(दृश्य: पहाटेचा अंधार. करवतीचा आवाज.)

17 नोव्हेंबर 2016, रस्टलिंग्स रोड. पहाटे 5 च्या सुमाराला, पोलिस बंदोबस्तात, आठ झाडांची तोड सुरू झाली. यातली बहुतेक झाडं वाचवता येतील, असं कौन्सिलनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने कळवलं होतं. ते मत जाहीर झालं त्याच पहाटे. तोडीला विरोध करणाऱ्या सत्तरीतल्या दोन महिलांना अटक झाली. अटकेचं कलम होतं कामगार संघटनांविषयीच्या 1992 च्या कायद्यातलं, दुसऱ्याला त्याचं काम करण्यापासून रोखण्याबद्दलचं. झाड वाचवायला कलम नव्हतं. वाचवणाऱ्यांना पकडायला मात्र सापडलं. पुढे हे कलम कोर्टात टिकवायचा प्रयत्नही झाला नाही.

2018 मध्ये तोड थांबली. तोवर साडेपाच हजार झाडं गेली होती. या प्रकरणाची चौकशी करणारे सर मार्क लोकॉक यांचा अहवाल 2023 मध्ये आला. कौन्सिलने लोकांची, आपल्याच समितीची आणि न्यायालयाचीही दिशाभूल केली, असं त्यात नोंदवलंय. कौन्सिलने माफी मागितली.

दरम्यान संसदेने 2021 च्या पर्यावरण कायद्यात एक नवं कलम घातलं. नोव्हेंबर 2023 पासून इंग्लंडमध्ये रस्त्याकडेचं झाड तोडण्याआधी लोकांचं मत मागवणं कौन्सिलला बंधनकारक आहे. मेलेल्या किंवा धोकादायक झाडांना सूट आहे. शेफिल्डच्या लोकांनी थंडीत, अंधारात झाडांखाली उभं राहून जे मागितलं, त्यातलं बरंच इथे मिळालं.

सगळं नाही मिळालं. लोकांनी एकमुखाने नको म्हटलं, तरी अंतिम निर्णय आजही कौन्सिलचाच. आपल्याच झाडाबद्दल कौन्सिलने आपणच निवाडा करायचा, ही त्रुटी नव्या कलमातही राहिली आहे. तो निवाडा दुसऱ्या कुणाकडे तरी जायला हवा.