उद्या या

नमस्कार मंडळी. रविवारची सकाळ आहे, पोहे झाले असतील, नसतील तर गॅस बारीक करा आणि बसा जरा. आणि हो, आपले इंदूरचे पोहे वाफेवरचे असतात म्हणून पुण्याहून आलेली पाहुणी मंडळी नाक मुरडतात ना, त्यांना खुशाल मुरडू द्या, दुसरी प्लेट तेच मागतात, मी चाळीस वर्षं बघतोय.

तर आजचा विषय. येत्या आठवड्यात २५ फेब्रुवारी येतेय, त्या तारखेचं काय ते पुढे येईलच, त्यानिमित्ताने मला सांगितलं गेलं की काका, ख्रिस्ती करुणेवर बोला, म्हणजे गांजलेल्या, पिचलेल्या माणसांची बाजू घेणं, त्यावर. मी म्हटलं अहो मी रामबागेतला भटाचा मुलगा, घरी दत्तजयंतीला पंगत असते, मला कशाला? तर म्हणे तुमची ती बँकेची गोष्ट सांगा. ती बँकेची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, मी सुरू केली की सून कुकर लावायला उठते. पण तुम्ही उठू नका, रेडिओ आहे, मला दिसणार नाही तरी.

आधी दोन मिनिटं बायबलमधली गोष्ट, ती लागणार आहे पुढे. लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात आहे. एक माणूस यरुशलेमहून यरीहोला चाललेला, वाटेत लुटारूंनी त्याला मारलं, लुटलं, अर्धमेला करून टाकून गेले. एक याजक आला, म्हणजे पुजारीच, तो बघून दुसऱ्या बाजूने निघून गेला. मग लेवी आला, तोही देवळातलाच माणूस, तोही गेला. मग आला शोमरोनी, ज्या लोकांचं आणि यहुद्यांचं अजिबात पटत नसे असा परका माणूस. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मी बँकेतला माणूस, माझं लक्ष पुढच्या ओळीकडे जातं. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळावाल्याला दोन दिनार दिले आणि सांगितलं की याच्यापेक्षा जास्त खर्च झाला तर मी परत येताना देईन. म्हणजे काय केलं त्याने? जामीन राहिला. अनोळखी माणसासाठी आणि रक्कम न ठरवता! माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असा जामीनदार मी पाहिला नाही, लोक सख्ख्या भावाच्या स्कूटरच्या लोनला सही करताना दहादा विचार करतात. तेलपट्टी ही दया झाली, पण परत येईन म्हणून स्वतःला अडकवून घेतलं, ती बाजू घेणं झालं. दया वेगळी, बाजू घेणं वेगळं. हे लक्षात ठेवा.

आता गोष्ट. साल १९८९. मी तेव्हा तिशीच्या आत, लग्न व्हायचं होतं, पोस्टिंग कुठे, तर इंदूरहून बसने साडेतीन तास, घाट उतरून खाली नर्मदेच्या अंगाला. गावाचं नाव सांगत नाही, बँकेचं तर नाहीच नाही. एक खोलीची ब्रँच, मॅनेजर, मी, कॅशियर आणि प्यून. गुरुवारचा हाट असला की आजूबाजूच्या पाड्यांवरून बारेला, कोरकू आदिवासी बाया-माणसं यायची, मीठ-मिरची घेऊन संध्याकाळी परत. बँकेत कोणी यायचं नाही. कशाला येतील, त्यांची बँक म्हणजे साहुकार, हाटाच्या कोपऱ्यावर त्याची गादी. बाईने गळ्यातली चांदीची हासली नाहीतर पायातल्या कडी गहाण ठेवायच्या, महिन्याला शेकडा पाच रुपये व्याज, म्हणजे वर्षाचे साठ, आणि तेही सोयाबीन आल्यावर धान्याच्या रूपात, तोल त्याचा, काटा त्याचा, वही त्याची.

एका गुरुवारी एक सिस्टर आली. साडी नेसलेली नन, मल्याळी असणार, हिंदी तुटकी. बरोबर सात बाया. म्हणाली, भैया, इनको बकरी का लोन चाहिए. तेव्हा आयआरडीपी नावाची सरकारी योजना होती, गरिबी रेषेखालच्यांना बँकेचं कर्ज आणि त्यात आदिवासींना निम्मी सबसिडी, दहा बकऱ्या एक बोकड असं युनिट असायचं. यादीत नावं होती सातहीजणींची, ब्लॉक ऑफिसचा शिक्का होता. म्हणजे करायला काही हरकत नव्हती. पण मॅनेजर साहेबांनी मला आधीच सांगून ठेवलेलं की या लोकांची वसुली येत नाही, टाळत राहा. मी काय म्हणालो? कल आना.

उद्या या. बँकेतला पहिला धडा हाच, कोणी शिकवत नाही, आपोआप येतो.

बाया गेल्या. पुढच्या गुरुवारी परत. मी म्हटलं नो ड्यूज आणा, म्हणजे सोसायटीकडून, दुसऱ्या बँकेकडून लिहून आणा की आमची बाकी नाही. आणलं. मग म्हटलं फोटो. त्या गावात फोटो स्टुडिओ नव्हता मंडळी, मला माहीत होतं! आणले, कुठून तरी तालुक्याला नेऊन काढले, सातहीजणी फोटोत अशा बघतायत जणू कोणी बंदूक रोखलीय. मग चौथ्या खेपेला मी म्हटलं फॉर्म संपलेत. इंदूरहून आले की बघू.

आता इथे मला नेहमी थांबावं लागतं. फॉर्म संपले नव्हते. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होते, गुडघ्याला लागत होता तो ड्रॉवर. त्या बाया चौदा किलोमीटर चालत येत होत्या, एकीच्या पाठीला पोर बांधलेलं, आणि मी ड्रॉवरला गुडघा लावून सांगतोय की फॉर्म नाहीत.

सिस्टर काही बोलली नाही. मला वाटलं होतं भांडेल, मग आपल्यालाही चढ्या आवाजात बोलता येतं, काम सोपं होतं. ती बाकावर जाऊन बसली, डबा काढला, सगळ्यांनी तिथेच ज्वारीच्या भाकरी आणि लाल चटणी खाल्ली, अडीच वाजता प्यूनने चलो चलो केलं तेव्हा उठल्या. पाचवी खेप, तेच. सहाव्या गुरुवारी आली ती हातात खाकी पाकीट घेऊन. काउंटरवर ठेवलं. म्हणाली, भैया, फॉर्म खतम हो गए थे ना, मैं इंदौर से ले आई. पन्नास फॉर्म. साडेतीन तास जायला, साडेतीन यायला, तिथल्या मोठ्या ऑफिसात रांग लावून. आणि मंडळी, आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, अगदी कान लावून शोधला, नव्हता. तिने माझ्यावर विश्वासच ठेवला होता की फॉर्म खरंच संपलेत.

मी तरी सहज शरण आलो नाही हं. मान खाली घालून म्हटलं, गारंटर कौन? ती म्हणाली, मैं. मी म्हटलं आपकी आमदनी? जमीन? मकान? तर हसायला लागली, म्हणाली मेरे नाम पर तो कुछ नहीं, ये साड़ी भी मिशन की है. त्यांचं व्रतच असतं ना, स्वतःच्या मालकीचं काही ठेवायचं नाही. आणि हे ऐकून त्या सातजणीही हसल्या, मला बारेली कळत नव्हती पण एवढं कळलं की हिच्याकडे तर आपल्यापेक्षाही कमी आहे असं काहीतरी चाललं होतं. त्यातली सर्वांत म्हातारी होती तिने ओच्यातून मूठभर बोरं काढून माझ्या स्टॅम्पपॅडशेजारी ठेवली. सिस्टरने सांगितलं, मैंने इनको बोला भैया अकेला रहता है, माँ इंदौर में है, तो ये बेर लाई.

आणि माझ्या तोंडून निघालं, गारंटर लगता नहीं है.

खरंच लागत नव्हता. त्या रकमेला नियमात जामीनदार नव्हताच, मला पाठ होता तो सर्क्युलर. मागून मॅनेजर साहेबांनी जे बघितलं माझ्याकडे, ते सांगायला रेडिओ कामाचा नाही. त्या दिवशी अडीचनंतरही बँक उघडी राहिली, सात फॉर्म मी माझ्या हाताने भरले, अंगठे घेतले, शाई प्यूनने पुसून दिली. सहा लोन झाले. सातवीच्या नवऱ्याची सोसायटीची जुनी बाकी निघाली, तिचं नाही झालं. मी नंतर पुष्कळ हातपाय मारले, नाहीच झालं. लोक ही गोष्ट सांगताना सातही झाले असं सांगतात, माझा मुलगासुद्धा. नाही. सहा.

पुढच्या वर्षी पावसानंतर ती म्हातारी एकदा बँकेत आली, काही काम नव्हतं. काउंटरपाशी उभी राहिली आणि पदर बाजूला करून गळा दाखवला. हासली होती गळ्यात. साहुकाराकडून सोडवलेली. दाखवली आणि गेली.

सिस्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या डायरीत नोंद आहे, सिस्टर, मिशन, बकरी लोन. बस्स.

हे झालं, नव्वदमध्ये माझी बदली झाली, इंदूरला आलो, लग्न झालं. आणि १९९५च्या फेब्रुवारीत सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर, उदयनगरच्या सिस्टरची चालत्या बसमध्ये हत्या. माझ्या हातातला चहा तसाच राहिला, मला वाटलं तीच. ती नव्हती. त्या सिस्टर राणी मारिया, केरळच्या पुल्लुवळी गावच्या, जन्म १९५४चा, देवास जिल्ह्यात उदयनगरला आल्या १९९२मध्ये. पण काम तेच. आदिवासींना साहुकाराच्या वहीतून बाहेर काढायचं, बचत शिकवायची, सरकारी योजनांचे कागद करून द्यायचे, ऑफिसात बरोबर जाऊन उभं राहायचं. ज्यांची वही बंद पडत होती त्यांना ते बघवेना. २५ फेब्रुवारीला त्या इंदूरच्या बसमध्ये बसल्या, इथून पुढे केरळला घरी जायचं होतं, आणि वाटेत नाचनबोरच्या टेकडीपाशी पैसे देऊन आणलेल्या माणसाने प्रवाशांच्या देखत त्यांना भोसकलं. वय एक्केचाळीस. बस भरलेली होती.

बस भरलेली होती, हे मी दोनदा सांगतो.

आता कोणीतरी फोन करेल की काका तुम्ही मिशनवाल्यांची बाजू घेताय, ही मंडळी धर्म बदलायला येतात. करा फोन. आपल्या पंडिता रमाबाईंनाही लोकांनी हेच सुनावलं होतं, १८९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली, बाया उचलून केडगावला नेल्या तेव्हा. वाद घालायचा तर घाला, रमाबाईंवर तर पुणेकरांनी मनसोक्त घातला. मी बघितलं ते सांगतो, माझ्या काउंटरवर त्या बाईने बकरीचा फॉर्म ठेवला होता, दुसरा कुठलाही नाही. आणि ड्रॉवर मी बंद करून बसलो होतो, भटाचा मुलगा. याजक म्हणा, लेवी म्हणा, मीच.

राणी मारियांची पुढची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, वेळ थोडा राहिलाय म्हणून पटकन सांगतो. ज्याने मारलं त्याला जन्मठेप झाली. २००२मध्ये त्यांची धाकटी बहीण, त्याही नन, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्याला राखी बांधून आल्या. नंतर आई आली केरळहून, म्हातारी, तिने त्या माणसाचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. तो सुटावा म्हणून घरच्यांनीच खटपट केली, २००६मध्ये सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ला इथे आपल्या इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्याचा सोहळा झाला. राखीवर आपण दरवर्षी किती बोलतो, पाटल्या काय दिल्या नि पाकिटात किती घातले. मला ती तुरुंगातली राखी झेपत नाही, खरं सांगतो. मी एवढ्या साठ वर्षांत शेजारच्या पार्किंगवाल्यालाही माफ केलेलं नाही.

असो. वेळ संपत आला, आतून हात दाखवतायत. एक सांगून उठतो. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी आहेत, त्यांची विधवा पेन्शन चार महिने अडकलीय, केवायसी म्हणे, बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. उमटतील कसे, तीस वर्षं लोकांची भांडी घासून घासून रेषा राहिल्यात कुठे. दोनदा गेल्या बँकेत, काउंटरवरचा पोरगा म्हणाला सर्व्हर डाऊन है, कल आना. असेलही डाऊन. मला उगाच त्याच्या ड्रॉवरकडे बघावंसं वाटलं. तर उद्या सोमवार, साडेदहाला मी मावशींबरोबर जातोय. सुनेला डबा दोघांचा करायला सांगितलाय.

नमस्कार.