टर्कीची साद आणि ओझार्कचे सोबती

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात घेऊन जाणार आहे, तिथल्या ओझार्कच्या डोंगराळ रानात, एप्रिलच्या महिन्यात. विषय आहे जंगली टर्की या पक्ष्याची शिकार. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ओव्हनमध्ये भाजतात ती पांढरी, गुबगुबीत टर्की नव्हे हं. ती शेडमध्ये वाढलेली असते. ही रानातली, काळपट पिसांची. ऊन पडलं की त्या पिसांवर तांब्याची झाक चमकते. रात्री झाडाच्या उंच फांदीवर झोपते, पहाटे खाली उतरते, आणि आपण नुसती मान वळवली तरी दिसेनाशी होते.

मी मूळची कोल्हापूरची. मिझुरीत राहायला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. वसंतात तिथल्या काही शिकारी मंडळींच्या तळावर मी जाते. बंदूक मी चालवत नाही, मी ऐकायला जाते. ही शिकार खरं तर कानांचीच आहे, म्हणून तर ती रेडिओवर सांगावीशी वाटली.

वसंतात टर्कीचा नर आरवतो. 'गॉबल' म्हणतात त्याला. घशातून खळाळत बाहेर पडणारी ती आरोळी पहाटेच्या शांततेत मैलभरावरून ऐकू येते. निसर्गाचा नियम असा, की नराने आरवायचं आणि मादीने त्याच्याकडे चालत जायचं. शिकारी हा नियम उलटा करू बघतो. तो मादीचा आवाज काढतो आणि एका जागी बसून राहतो, नराने आपल्याकडे यावं म्हणून. नराला हे पटत नाही. तो उभा राहतो, पिसारा फुलवतो, पुन्हा आरवतो, वाट बघतो. तासन् तास हा संवाद चालतो, आणि बहुतेक वेळा शिकारी रिकाम्या हाताने परततो.

मादीचा आवाज काढायची साधनं निरनिराळी. लाकडी पेटीवर झाकण घासतात, पाटीच्या दगडावर काडी घासतात, नाहीतर टाळूला चिकटवायची पातळ पडद्याची शिट्टी तोंडात धरतात. तिला हात लागत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा पक्षी एकेकाळी संपत आला होता. जंगलतोड झाली, आणि विक्रीसाठी बेसुमार मारला गेला. एकट्या मिझुरीत १९५०च्या सुमारास अडीच हजारही टर्की उरल्या नव्हत्या. आधी लोकांनी पाळीव पक्षी वाढवून रानात सोडून पाहिले, पण ते टिकले नाहीत. मग १९५४पासून रानातलेच पक्षी जाळ्यात धरून दुसऱ्या रानांत नेऊन सोडायला सुरुवात झाली. १९६०मध्ये पहिला छोटा हंगाम उघडला तेव्हा राज्यभरात ९४ नर मिळाले. हल्ली दर वसंतात तीस हजारांच्या वर मिळतात. आणि पैसा कुठून आला? पुष्कळसा शिकाऱ्यांच्याच खिशातून. १९३७च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठीच राखून ठेवला गेला. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली. ते योग्यच झालं, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी माणसं आपल्याकडेही आहेत. आपल्या फासेपारध्यांनी तित्तिराला घातलेली साद ऐका. इतकी रानविद्या अंगी असलेल्या या समाजावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि आपण तो मनातून अजून पुसलेला नाही. मला याची फार चीड येते.

टर्कीचं आणि आपलं नातंही जुनं आहे बरं का. १६१२मध्ये मुकर्रब खान हा मोगल सरदार गोव्याहून काही नवलाचे प्राणी घेऊन जहांगीर बादशहाकडे गेला. त्यांत टर्की होती. बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की हा पक्षी लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान आहे, माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवतो, आणि त्याच्या डोक्याचे रंग सरड्यासारखे पालटतात. दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूरने त्याचं चित्रही काढलं. ते रंग म्हणजे तांबडा, पांढरा आणि निळा. नराचं डोकं या तीन रंगांचं असतं.

आणि म्हणूनच, श्रोतेहो, टर्कीच्या रानात जाणाऱ्याने अंगावर तांबडं, पांढरं, निळं काहीही घालायचं नाही. रुमालसुद्धा नाही. सगळे शिकारी पानापानांच्या नक्षीचे कपडे घालून, तोंडही झाकून, झाडाला पाठ टेकून बसलेले असतात. कुणीच कुणाला दिसत नाही. त्यात सगळे टर्कीचे आवाज काढत असतात. म्हणून या रानाचा पहिला नियम असा: आवाजाच्या दिशेने चालत जायचं नाही. पुन्हा सांगते. आवाजाच्या दिशेने चालत जायचं नाही. तिथे टर्की असेल किंवा माणूस असेल. आणि दुसरा नियम: आपण बसलोय तिथे कुणी माणूस येताना दिसला तर हात हलवायचा नाही, शिट्टी वाजवायची नाही. माणसाच्या आवाजात, मोठ्याने, स्पष्ट बोलायचं. मग शिकार गेली तरी चालेल.

आता ती गोष्ट सांगते.

आमच्या तळावर दोन आजोबा आहेत. भाऊ नव्हेत, मित्र. मी मनात त्यांना थोरले आणि धाकटे म्हणते. थोरले शेतकरी. आयुष्यभर ट्रॅक्टर आणि बंदुका कानाशी, त्यामुळे ऐकू येणं जवळजवळ गेलंय. नजर मात्र घारीची आणि हात स्थिर. धाकटे शाळेची बस चालवायचे. त्यांचे हात आता थरथरतात, बंदूक काही धरवत नाही. कान शाबूत आहेत, आणि तोंडातल्या शिट्टीने ते मादीचा असा आवाज काढतात की मादीनेही ओ द्यावी. हे दोघे एका झाडाला पाठ लावून खांद्याला खांदा लावून बसतात. नर आरवला की धाकटे थोरल्यांच्या गुडघ्यावर बोट आपटतात. एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे. तीनदा म्हणजे जवळ आलाय, आता हलू नका. असे दोघे मिळून शिकारीला जातात.

त्या दिवशी आम्ही मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्टमध्ये होतो. सरकारी जंगल, म्हणजे कुणीही येऊ शकतं. अंधारातच जाऊन बसलो. मी त्यांच्या मागे, जाड ओकच्या आडोशाला. डॉगवूडची पांढरी फुलं हळूहळू उजेडात दिसायला लागली. लांबून घुबड बोललं आणि त्याला उत्तर म्हणून झाडावरूनच नर आरवला. धाकट्यांचं बोट गुडघ्यावर दोनदा. थोरल्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आरोळी त्यांनीच सगळ्यात आधी ऐकली.

पण नर खाली उतरला तो माद्यांबरोबर, आणि त्यांच्यामागे दरीत निघून गेला. नवे शिकारी इथे उठून घरी जातात. हे दोघे उठले नाहीत. सकाळ चढली की माद्या अंडी घालायला आपापल्या घरट्यांकडे जातात, नर एकटा पडतो, आणि मग त्याला आधी ऐकलेली साद आठवते. झालं तसंच. दहाच्या सुमाराला धाकट्यांनी हळूच साद घातली आणि दरीतून उत्तर आलं. पुन्हा साद, पुन्हा उत्तर, आणि आता जवळून. गुडघ्यावर बोट दोनदा. मग तीनदा. थोरल्यांनी बंदूक गुडघ्यावर टेकवली. मी श्वास धरून बसले होते.

तेवढ्यात वाळक्या पानांत पावलं वाजली. नर उजव्या अंगाला होता, पावलं डावीकडून येत होती. टर्की चालते तेव्हा पानं टिपत, थांबत चालते. ही पावलं ठाम होती. झाडांमधून टोपीचा एक कोपरा हलला, आणि त्याच्याबरोबर बंदुकीची नळी.

धाकट्यांनी शिट्टी थुंकून टाकली आणि बस चालवतानाच्या त्या खणखणीत आवाजात ओरडले, "थांब! इथे माणसं बसलीत!"

सगळं रान दणाणलं. नर तर गेलाच. पहाटेपासूनची सगळी मेहनत एका हाकेत गेली. आणि समोर एक मुलगा उभा. विशीचा असेल. कपड्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. चेहरा पांढराफटक पडलेला. मादीचा आवाज ऐकून तो आवाजाच्या दिशेने चालत आला होता. आपण काय करत होतो ते एका क्षणात त्याला समजलं आणि त्याचे पाय लटपटायला लागले. "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत तो मागे वळला.

धाकटे म्हणाले, "बंदूक रिकामी कर आणि बस. कॉफी आहे."

त्याने काडतुसं काढली. थर्मास निघाला. कुणी आवाज चढवला नाही. थोरल्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवून, बहिरी माणसं बोलतात तसं जरा मोठ्याने, सांगितलं, "बाळा, आवाजाकडे तू जायचं नाहीस. त्याला येऊ द्यायचं." मुलगा मान खाली घालून रडत होता. घरात शिकवणारं कुणी नाही, शाळेतल्या मित्रांनी यायचं कबूल केलं आणि आयत्या वेळी आले नाहीत, म्हणून एकटाच आला होता, हे हळूहळू कळलं.

सरकारी जंगलात दुपारी एकला शिकार बंद करावी लागते. आमच्याकडे जेमतेम दोन तास होते. आम्ही चौघे डोंगराची धार ओलांडून पलीकडे गेलो. तिथे धाकट्यांनी साद घातली आणि खालून दुसरा नर आरवला. थोरल्यांना ते मी खुणेने सांगितलं. ते झाडापर्यंत गेले, त्यांच्या नेहमीच्या जागेवर, धाकट्यांच्या उजव्या हाताला. पण बसले नाहीत. मुलाला बोट करून म्हणाले, "तू बस."

वर्षानुवर्षं त्यांची असलेली ती जागा. शेवटच्या तासात, आरवणारा नर समोर असताना. ते स्वतः मागे येऊन माझ्या शेजारी बसले.

नर आला. चढावर आधी पिसाऱ्याचा पंखा दिसला, मग ते पांढरं-निळं डोकं. छातीवरची लांब दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुबका, चालताना जमिनीला लागत होती. पंख जमिनीवर घासत तो छातीतून घुमत होता. तो आवाज इतका खोल असतो की कानांपेक्षा बरगड्यांत जाणवतो. मुलाला सगळं ऐकू येत होतं, तरी धाकट्यांची थरथरती बोटं सवयीने त्याच्या गुडघ्यावर वाजत होती. एकदा. मग तीनदा. तीस यार्डांवर आला तेव्हा मुलाने गोळी झाडली. पक्षी जागेवर पडला, तडफड नाही.

थोरले माझ्या शेजारून उठले ते जवळजवळ पळतच गेले. मी त्यांना स्वतःच्या शिकारीवर कधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मुलाने पक्षी त्यांच्याच पुढे धरला, "हा तुमचा." थोरले म्हणाले, "परवाना तुझा, पक्षी तुझा. फोन करून नोंद कर आधी." त्या दिवशी रात्री दहाच्या आत नोंद करावीच लागते. मग नारिंगी कापडात गुंडाळून पक्षी खांद्यावर टाकला, म्हणजे परत जाताना दुसरा कुणी त्यालाच टर्की समजून नेम धरणार नाही. तळावर आल्यावर वाटणी झाली. छातीचं मांस मुलाच्या घरी, आणि तंगड्या माझ्याकडे.

तंगड्यांबद्दल मला बोलायचंच आहे. कित्येक शिकारी फक्त छाती काढून घेतात, तिचे तुकडे पिठात घोळवून तळतात, आणि तंगड्या चिवट म्हणून टाकून देतात. मला हे अजिबात मान्य नाही. रानातला पक्षी दिवसभर चालतो, त्याच्या पायात शिरा असणारच. पण आपल्याकडे कुकर आहे! कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, कांद्या-खोबऱ्याचं वाटण, आणि गावठी कोंबड्याला लावता त्याच्या दुप्पट शिट्ट्या. शिरा काढून टाका, मांस सुटून येतं. तांबड्या रश्श्याची ती चव ब्रॉयलरला जन्मात येणार नाही. त्या रात्री दोन्ही आजोबांनी भाकरी नाही म्हणून पावाने रस्सा पुसून खाल्ला, आणि तो मुलगा तिसऱ्यांदा वाढून घेत होता.

तो आता दर एप्रिलला तळावर येतो. थोरल्यांना चढ चढवत नाही, तर बंदुका आणि सामान तो वाहतो, आणि झाडाखालची जागा पुन्हा थोरल्यांची झालीय. मागे धाकट्यांना इस्पितळात राहावं लागलं तेव्हा थोरल्यांच्या शेजारी तोच बसला, आणि गुडघ्यावर बोटं त्यानेच वाजवली.

अमेरिकेत असलेल्या श्रोत्यांपैकी कुणाला जावंसं वाटलं, तर मिझुरीत हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उघडतो आणि तीन आठवडे चालतो. दाढी असलेलाच पक्षी मारता येतो. १ जानेवारी १९६७ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रौढांना आधी शिकारीचं सुरक्षा शिक्षण पूर्ण करावं लागतं, ते ऑनलाइनही होतं. बंदूक आणि कपडे नंतर घ्या. पहिल्या वसंतात एखाद्या जुन्या माणसाबरोबर नुसते ऐकायला जा, तळावर विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही. आणि आवाजाच्या दिशेने चालत जाऊ नका.

नमस्कार.