पद्माकर शिवलकर: ५८९ बळी, आणि एकही कसोटी नाही

(चेंडू हातात, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

हा चेंडू नीट बघा. डावखुरा फिरकीपटू पहिली दोन बोटं शिवणीवर अशी आडवी ठेवतो. हात सुटताना तर्जनी चेंडूला पीळ देते. चेंडू मधल्या यष्टीच्या रेषेत पडतो आणि उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर वळतो. फलंदाजाला वाटतं, कळलं आपल्याला. पुढचा चेंडू त्याच टप्प्यावर, त्याच ॲक्शनने येतो, पण वळत नाही. हाताबरोबर सरळ आत घुसतो. पायचीत!

हे षटकामागून षटकं, दिवसभर करायचं. आणि असे दिवस वीसेक वर्षं काढायचे. पद्माकर शिवलकर, म्हणजे मुंबई क्रिकेटचे पॅडी, यांनी नेमकं हेच केलं. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. म्हणजे दर वीस धावांच्या आत एक बळी. पण भारताकडून एकही कसोटी नाही.

हा मुलगा भारताचे नामवंत कसोटीपटू विनू मांकड यांच्या नजरेत भरला. १९६१-६२ च्या हंगामात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिला प्रथम श्रेणी सामना झाला. पुढे मुंबईचा संघ आणि शिवाजी पार्क जिमखाना. इथे कांगा लीग विसरून चालणार नाही. ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळायची ही स्पर्धा. तिथे चेंडू कधी थांबून येतो, कधी अचानक उसळतो. फलंदाज वैतागतो आणि गोलंदाजाचा मोह वाढतो. प्रत्येक चेंडूवर काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. खरा फिरकीपटू तिथे हात आवरतो. टप्पा आणि दिशा सांभाळतो, बाकीचं काम खेळपट्टीवर सोडतो. पॅडींचं मोठेपण मला या आवरण्यात दिसतं.

आता चला चेन्नईच्या चेपॉक मैदानावर. १९७२-७३ च्या रणजी करंडकाची अंतिम लढत, मुंबई विरुद्ध तमिळनाडू. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे फिरकीपटू. खेळपट्टी अशी की चेंडू हातभर वळावा. मुंबईचा पहिला डाव १५१ वर आटोपला. पहिल्या डावात १५१ ही मुंबईसाठी काळजीचीच धावसंख्या. पण शिवलकरांनी चेंडू हातात घेतला आणि १६ धावांत ८ बळी काढले! तमिळनाडू सर्वबाद ८०. मुंबईचा दुसरा डाव ११३. मग पुन्हा शिवलकर, १८ धावांत ५. तमिळनाडू सर्वबाद ६१. सामना दोन दिवस आणि एका चेंडूत संपला. मुंबई १२३ धावांनी जिंकली, आणि हे तिचं सलग पंधरावं विजेतेपद होतं.

लक्षात घ्या, त्या खेळपट्टीवर वेंकट आणि कुमारही होतेच. ३४ धावांत १३ बळी नुसती खेळपट्टी देत नाही.

मग कसोटी का नाही? याचं ठरलेलं उत्तर आहे: बिशनसिंग बेदी, त्याच काळातले भारताचे डावखुरे फिरकीपटू. आणि बेदी थोरच होते. ६७ कसोटींत २६६ बळी घेणाऱ्याची जागा कोण मागणार? पण हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही. १९६७ मध्ये बर्मिंगहॅमला बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकट असे चारही फिरकीपटू एकाच कसोटीत खेळले. त्यात प्रसन्ना आणि वेंकट दोघेही ऑफस्पिनर, म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजाकडे चेंडू आत वळवणारे. पुढेही ते कितीदा तरी जोडीने खेळले. दोन ऑफस्पिनर चालतात, मग दोन डावखुरे का चालू नयेत? नियमात कुठेच नव्हतं. हा निवड समितीच्या डोक्यात पक्का बसलेला हिशेब होता.

एकदा दार किलकिलं झालंही. १९७४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगळूर कसोटीतून बेदींना शिस्तभंगाच्या कारणावरून वगळलं. बोलावणं हरियाणाच्या राजिंदर गोयल यांना गेलं, रणजीत ६३७ बळी घेणारे गोयल. तेही डावखुरेच. सामन्याच्या सकाळी त्यांनाही अकरांत घेतलं नाही. संघ प्रसन्ना आणि वेंकट या दोन ऑफस्पिनरांसह उतरला. हे वाचताना माझा जीव आजही हळहळतो. १९७९ मध्ये बेदींची शेवटची कसोटी झाली आणि त्यांच्या जागी डावखुरे फिरकीपटू दिलीप दोशी आले, तेव्हा शिवलकर एकोणचाळिशीचे होते.

सुनील गावस्करांनी पुढे बोलून दाखवलं, की कर्णधार असताना पॅडींसाठी निवड समितीला पटवता आलं नाही याची त्यांना खंत आहे. खुद्द कर्णधाराचा शब्द चालला नाही, तर गोलंदाजाने आणखी काय करायचं?

पॅडी काय करत राहिले? गोलंदाजी. १९८७-८८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते पुन्हा मुंबईकडून रणजी खेळले. ज्यांच्यासमोर ते गोलंदाजी करत होते, त्यातली कितीतरी पोरं त्यांच्या पहिल्या सामन्याच्या वेळी जन्मलीही नव्हती. नंतर शिवाजी पार्कवर मुलांना शिकवलं. २०१७ मध्ये बीसीसीआयने गोयल आणि शिवलकर या दोघांनाही सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला.

३ मार्च २०२५ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी, पॅडी गेले. दुसऱ्या दिवशी दुबईत चॅम्पियन्स करंडकाचा उपांत्य सामना होता, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. त्या सामन्याचे फोटो काढून बघा. रोहित, विराट, सगळ्यांच्या दंडावर काळी फीत आहे. ती पद्माकर शिवलकरांसाठी होती.