आवळलेलं सैल करणारा शब्द

[दृश्य: जमिनीपासून उंचावर ठेवलेली, अधिकच्या चिन्हासारखी एक अरुंद वाट. मधोमध एक उंदीर.]

या वाटेला चार फाटे आहेत. दोन फाट्यांना भिंती आहेत आणि दोन उघडे, खाली सरळ पोकळी. उंदीर उघड्या बाजूला जरा नाक काढतो, मिश्या थरथरवतो आणि आडोशाला परत येतो. डायझेपाम या चिंतेवरच्या औषधाचा छोटासा डोस दिला, की उंदीर उघड्या फाट्यावर जास्त वेळ रेंगाळू लागतात. चाचणी साधारण पाच मिनिटांची. नव्या रसायनाला ‘अँक्झिओलिटिक’ म्हणावं का, याचा पहिला अंदाज बरेचदा अशाच वाटेवर येतो.

अँक्झिओलिटिक, म्हणजे आपल्या मराठीत चिंताशामक.

हा शब्द दोन भाषांचं कलम आहे. पहिला अर्धा लॅटिन. त्याच्या मुळाशी आवळण्याचा, गळा दाबण्याचा अर्थ आहे. संस्कृतातला ‘अंहस्’, म्हणजे संकट, हा त्याच कुळातला. चिंता वाढली की घसा आवळतो, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. शब्द घडवणाऱ्यांनाही ते अंगाने ठाऊक असणार. दुसरा अर्धा ग्रीक, सैल करणं, सोडवणं. रक्ताची गुठळी विरघळवणारं थ्रॉम्बोलिटिक, कफ पातळ करणारं म्युकोलिटिक, तसंच हे. म्हणून मला ‘चिंतानाशक’ हा शब्द खटकतो. चिंतेचं कारण या गोळीने नाहीसं होत नाही, तिची पकड ढिली होते.

[दृश्य: जुनी प्रयोगशाळा. फळीवर काचेच्या बाटल्या.]

१९५५ साली अमेरिकेत मेप्रोबामेट हे चिंतेवरचं औषध बाजारात आलं आणि त्याला प्रचंड मागणी आली. तेव्हा अशा औषधांना ‘मायनर ट्रँक्विलायझर’ म्हणत. दोन वर्षांनी, न्यू जर्सीत, रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेत आवराआवर चालली होती. एक जुनं, बाजूला पडलेलं रसायन हाती लागलं. टाकून न देता ते तपासायला पाठवलं गेलं. तेच क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये ‘लिब्रियम’ या नावाने आलेलं. १९६३ मध्ये ‘व्हॅलियम’, म्हणजेच डायझेपाम. बेंझोडायझेपिन औषधांचं घराणं इथून सुरू झालं.

ती मेंदूत करतात काय? मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन मुळातच असतं. पेशींची धावपळ आवरणं हे त्याचं काम. गाबा येऊन बसला की पेशीचं दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी सहजासहजी पेटत नाही. बेंझोडायझेपिन शेजारच्या जागी बसतं आणि गाबामुळे उघडणारं ते दार अधिक वेळा उघडू लागतं. शांत करण्याची सोय आपल्यातच आहे, औषध तिला हात देतं.

पण अँक्झिओलिटिक म्हणजे फक्त बेंझोडायझेपिन नव्हे. हे कामाचं नाव आहे, घराण्याचं नाही. ब्युस्पिरोनही चिंताशामकच, त्याने गुंगी फारशी येत नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात. मंचावर जाण्याआधीची धडधड आणि हातांचा कंप यांसाठी कधीकधी प्रोप्रॅनोलॉल देतात, जे एरवी हृदयविकारात आणि रक्तदाबात वापरलं जातं. आणि दीर्घकाळच्या चिंताविकारात डॉक्टर बहुधा आधी जी गोळी लिहितात, तिच्या माहितीपत्रकावर ‘नैराश्यविरोधी’ असं छापलेलं असतं. ते वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो: मला तर चिंता आहे, हे कशाला? एवढ्यावरून गोळ्या सोडून देणारे असतात. डॉक्टरांनी लिहून देतानाच दोन वाक्यं सांगितली, तर हे टळेल.

[दृश्य: तळहातावर गोळी. तिच्या मधोमध बारीक रेघ.]

बेंझोडायझेपिनचा गुण तासाभरात जाणवतो, आणि अडचणही तिथेच आहे. सलग काही आठवडे घेतली की शरीराला तिची सवय जडू शकते. दारूबरोबर किंवा अफूवर्गीय वेदनाशामकांबरोबर घेतली, तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद केली, तर झोप उडते, चिंता दुपटीने उसळते, काहींना आकडीचे झटकेही येतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावं: ही किती दिवस घ्यायची, आणि थांबवायची कशी? थांबवणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. डोस थोडा उतरवायचा, शरीर रुळेपर्यंत तिथेच राहायचं, मग पुन्हा थोडा. काहींना यात आठवडे लागतात, काहींना कित्येक महिने.