वर्दी खुंटीला टांगल्यावर

(पाण्यावरून जाणारी रेल्वे. खाडीकाठची लाकडी घरं.)

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात जमैका बे ही खाडी आहे. खाडीत बेटं बरीच, पण माणसांची वस्ती असलेलं एकच, ब्रॉड चॅनल. बेटाच्या मधोमध एक मोठा रस्ता, दोन्ही अंगांना बुटकी घरं आणि घरांच्या पाठीमागे थेट पाणी. १९९८ मध्ये इथे जवळजवळ सगळी वस्ती गोऱ्यांची होती. शहराच्या पोलीस खात्यात आणि अग्निशमन दलात नोकरी करणारे बरेच जण इथे राहायचे.

(घरगुती कॅमेऱ्याचं चित्रीकरण. मूळ आवाज तसाच ठेवावा.)

हे दृश्य ७ सप्टेंबर १९९८ चं. लेबर डेची सुट्टी आणि बेटावरची वार्षिक मिरवणूक. सगळ्यात विनोदी चित्ररथाला इथे बक्षीस असायचं. समोर येतोय तो उघडा ट्रक नीट बघा. वर उभ्या असलेल्या गोऱ्या तरुणांनी तोंडाला काळं फासलंय, डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप घातलेत. कुणी कलिंगड खातंय, कुणी तळलेल्या कोंबडीची बादली मिरवतंय. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना हिणवायची ही जुनी चित्रं आहेत. चित्ररथाचं नाव ‘ब्लॅक टू द फ्यूचर, ब्रॉड चॅनल २०९८’. शंभर वर्षांनी इथे काळे लोक राहायला आले तर बेट कसं दिसेल, असा तो विनोद. आधीच्या वर्षांत ज्यू, आशियाई आणि समलिंगी लोकांवरही असेच चित्ररथ निघाले होते.

मिरवणूक संपत आली तेव्हा एक जण ट्रकच्या मागच्या फळीला लोंबकळला आणि आपण फरफटत चाललोय असं दाखवू लागला.

(दोन सेकंद निवेदन नाही.)

त्याच्या बरोबर तीन महिने आधी, ७ जून १९९८ ला, टेक्सासमधल्या जॅस्पर गावी जेम्स बर्ड या ४९ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला तीन गोऱ्यांनी पिकअप ट्रकला साखळीने बांधून मैलभरांहून जास्त फरफटत नेऊन मारलं होतं. ट्रकवरच्यांना हे ठाऊक होतं. नक्कल त्याचीच होती.

हे चित्रीकरण टीव्हीवर दाखवलं गेलं आणि शहर पेटलं. मग ट्रकवरच्या तिघांची ओळख पटली. एक न्यूयॉर्क पोलीस दलातला, जोसेफ लोकर्टो. दोघे अग्निशमन दलातले. तिघंही सुट्टीवर, तिघांच्याही अंगावर वर्दी नाही, आणि आम्ही सरकारी नोकर आहोत असं सांगणारी खूण ट्रकवर कुठेही नाही.

(महापौर कार्यालयाची इमारत. वृत्तपत्रांचे मथळे.)

महापौर होते रुडी जुलियानी. या प्रकारात सापडलेला शहराचा कुठलाही नोकर घरी जाईल, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पोलीस आयुक्तांशी आपलं बोलणं झालंय, हेही सांगितलं. खातेनिहाय चौकशी अजून व्हायची होती. ती नंतर झाली, रीतसर झाली, साक्षीपुरावे झाले, आणि निघाला तो निकाल महापौरांनी आधीच सांगितलेला. फरफटण्याची नक्कल एकाने केली होती, बडतर्फ तिघंही झाले.

आता प्रश्न असा की सरकारने हे करावं का. ‘अशी माणसं हाकललीच पाहिजेत’ हे आपण चित्रं बघता बघता म्हणून गेलेलो असतो. मीही म्हटलं. पण अमेरिकन न्यायालयांना हा प्रश्न सोडवताना शंभराहून जास्त वर्षं घाम फुटलाय, आणि ती गोष्ट या तिघांपेक्षा मोठी आहे.

(मॅसॅच्युसेट्स, न्यू बेडफर्डची जुनी छायाचित्रं.)

१८९२. न्यू बेडफर्डच्या मॅकऑलिफ नावाच्या पोलिसाला राजकारणात भाग घेतल्याबद्दल काढून टाकलं होतं. तो मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथले न्यायाधीश ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकालात एकच वाक्य असं लिहिलं की पुढची सत्तर वर्षं सरकारी वकील तेच वाचत राहिले. अर्ज करणाऱ्याला राजकारणावर बोलायचा घटनात्मक हक्क असेलही, पोलीस असण्याचा घटनात्मक हक्क मात्र त्याला नाही. आपल्या भाषेत, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.

हे वाक्य जिथे कायमचं मोडलं, ती गोष्ट इलिनॉयमधल्या लॉकपोर्टची. १९६४ मध्ये मार्विन पिकरिंग नावाच्या शिक्षकाने तिथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. शाळा मंडळ कर्जरोख्यांचा पैसा कसा वापरतं, खेळांवर किती उधळतं, यावर टीका होती. पत्रातल्या काही गोष्टी चुकीच्याही निघाल्या. मंडळाने त्याला काढलं. जून १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी, त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश.

(फोली स्क्वेअर, न्यायालयाच्या पायऱ्या. इमारतीवरचं नाव वाचता येईल इतका वेळ दृश्य ठेवावं.)

न्यूयॉर्कच्या फोली स्क्वेअरमधल्या या न्यायालयाला आज त्याच मार्शल यांचं नाव आहे. त्यांनी घालून दिलेला मार्ग तराजूचा आहे. नागरिक म्हणून सार्वजनिक प्रश्नावर बोलण्याचा नोकराचा हक्क एका पारड्यात. सरकारचं काम सुरळीत चालण्याची गरज दुसऱ्या पारड्यात. कुठलं जड, ते प्रत्येक प्रकरणात वेगळं तोलायचं. खाजगी कंपनीच्या नोकराला हा तराजू मिळत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. बोलण्याच्या स्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, कंपनीला नाही.

ऐकायला सोपं. पण ‘कामात अडथळा’ म्हणजे काय? कचेरीतलं भांडण? साहेबाचा राग? की बाहेरच्या लोकांचा संताप?

३० मार्च १९८१ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या एका कॉन्स्टेबलच्या, म्हणजे तिथे निवडून येणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या, कार्यालयात आर्डिथ मॅकफर्सन ही १९ वर्षांची मुलगी संगणकावर नोंदी करण्याचं काम करायची. बातमी ऐकून ती जवळच्या सहकाऱ्याला म्हणाली की पुन्हा प्रयत्न झाला तर या वेळी तो साधला जावा. तिसऱ्याने ऐकलं, वर सांगितलं, नोकरी गेली. हे बोलणं कामाच्या वेळेतलं होतं, सुट्टीतलं नव्हे. तरीही १९८७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. निकाल पुन्हा मार्शल यांचाच. तिच्या हातात बंदूक नाही, अंगावर वर्दी नाही, जनतेशी संबंध नाही, धोरण ठरवण्यात वाटा नाही. मग तिच्या बोलण्याने कार्यालयाचं अडलं काय?

विरोधी मत न्यायमूर्ती स्कालिया यांचं. पोलिसांच्या गाडीतून फिरायचं आणि टाळ्या चोरांसाठी वाजवायच्या, हे कुठल्याही पोलीस यंत्रणेने खपवून घ्यायला नको, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. वाक्य झणझणीत आहे, मान्य. पण ती गाडीत बसतच नव्हती.

माझ्या मते सगळा तिढा इथे आहे. बोलणं किती किळसवाणं, यावर नोकरी ठरू नये. त्या माणसाच्या हातात काय दिलंय, यावर ठरावी. मनात काळ्या माणसाबद्दल घृणा बाळगणाऱ्या पोलिसाच्या हाती पिस्तूल असतं, अटकेचा अधिकार असतो, न्यायालयात त्याची साक्ष खरी धरली जाते. त्याच पोलीस खात्यात मागच्या खोलीत संगणक सांभाळणाऱ्याच्या हाती यातलं काहीच नसतं.

(संगणकांची खोली. टपालाची पाकिटं, जवळून.)

असा एक जण होता. थॉमस पॅपस, न्यूयॉर्क पोलीस दलाच्या संगणक विभागातला. देणगी मागणारी पत्रं घरी आली की सोबतच्या परतीच्या पाकिटात तो वंशद्वेषी आणि ज्यूद्वेषी पत्रकं घालून पाठवायचा. नाव नाही, सही नाही, खात्याचा उल्लेख नाही. तपास करून त्याला शोधून काढावं लागलं. तो पोलीस खात्यात आहे हे जगाला कळलं ते खात्याच्याच चौकशीमुळे. तरीही २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने, दुसऱ्या सर्किटने, त्याची बडतर्फी २ विरुद्ध १ ने कायम ठेवली. तो एक म्हणजे सोनिया सोटोमायोर, पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या. हे बोलणं घृणास्पद आणि अपमानकारक आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आणि तरीही, बोलणं आवडलं नाही म्हणून तीन दशकांचे निकाल गुंडाळून ठेवता येणार नाहीत, असंही लिहिलं. पॅपसचं काम गस्तीचं नव्हतं, लोकांशी संबंध येण्याचं नव्हतं, हाच त्यांचा मुद्दा.

(पुन्हा ब्रॉड चॅनलचं चित्रीकरण, आवाज बंद.)

आता ट्रकवरच्यांकडे. २००३ मध्ये जिल्हा न्यायाधीश जॉन स्प्रिझो यांनी या तिघांच्या बाजूने निकाल दिला. शहराने त्यांना काढलं ते कामात अडथळा येईल या भीतीने नव्हे, तर ते जे बोलले त्याची शिक्षा म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष. महापौरांची घोषणा आठवा. २००६ मध्ये दुसऱ्या सर्किटने तो निकाल फिरवला. न्यायाधीश गिदो कॅलाब्रेसी यांनी लिहिलं की ज्यांच्या सेवेसाठी आणि रक्षणासाठी नेमलं त्यांचाच नोकर अपमान करत असताना सरकारने हातावर हात ठेवून बसावं, असं घटना म्हणत नाही. पोलीस आणि अग्निशामक यांचं काम लोकांच्या विश्वासावर चालतं, म्हणून लोकांना काय वाटेल हे सरकारने विचारात घेणं रास्त.

पोलिसापुरतं मला हे पटतं. त्या मिरवणुकीच्या वर्षभर आधी, ऑगस्ट १९९७ मध्ये, याच शहरात ॲबनर लुईमा या कृष्णवर्णीय माणसावर पोलीस ठाण्यात अमानुष अत्याचार झाला होता. काळ्या वस्तीने लोकर्टोला दारात उभं कसं करावं? अग्निशामकांच्या बाबतीत मी इतका ठाम नाही, पण जळत्या घरात माणूस रंग बघून थबकेल का, ही शंका घरातल्याने का बाळगावी, हेही खरं.

तिघांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. बर्ड यांच्या मारेकऱ्यांपैकी दोघांना पुढे मृत्युदंड झाला.

(फेसबुकच्या नोंदी, एकामागून एक सरकत जाणाऱ्या. नावं झाकावीत.)

२०१९. आता कॅमेरा लावून कुणी मिरवणुकीत उभं राहायची गरज उरली नव्हती. जून महिन्यात ‘प्लेन व्ह्यू प्रोजेक्ट’ या संशोधन उपक्रमाने अमेरिकेतल्या आठ ठिकाणच्या पोलिसांच्या, आजी आणि माजी, पाच हजारांहून जास्त फेसबुक नोंदी जनतेसमोर ठेवल्या. फिलाडेल्फिया, डॅलस, सेंट लुईस, फिनिक्स यांचा त्यात समावेश होता. मुसलमानांबद्दल, काळ्यांबद्दल, मारहाण साजरी करणारं बरंच काही. एकट्या फिलाडेल्फियात ७२ पोलिसांना रस्त्यावरून काढून कचेरीतल्या कामाला बसवलं आणि पुढे काहींना बडतर्फ केलं. सेंट लुईसच्या सरकारी वकिलांनी तर २२ पोलिसांनी आणलेले खटले चालवायलाच नकार दिला. कारण साधं आहे. अशी नोंद लिहिणारा पोलीस साक्षीला उभा राहिला की आरोपीचा वकील तीच नोंद पुढे करणार. हा अडथळा खरा आहे, मोजता येतो. कुणाच्या भावना दुखावल्या यापलीकडचा आहे.

तरी २०२३ मध्ये तिसऱ्या सर्किटने फिलाडेल्फियाच्या पोलिसांचा दावा पुन्हा जिवंत केला. नोंदींचं समर्थन न्यायालयाने केलं नाही. एवढ्या नोंदी, एवढी माणसं, सगळ्यांना एकगठ्ठा तोलता येणार नाही, आधी तपशील समोर येऊ द्या, एवढंच म्हटलं.

(शाळेचं फाटक. फोनची घंटा.)

आणि मग सप्टेंबर २०२५. १० तारखेला युटामध्ये चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या वक्त्याची भर सभेत गोळी घालून हत्या झाली. नंतरच्या काही दिवसांत त्या हत्येवर समाजमाध्यमांत काहीबाही लिहिणारे कित्येक शिक्षक, प्राध्यापक आणि सरकारी नोकर देशभर निलंबित झाले, काढले गेले. काहींच्या नोंदी निर्दय होत्या. काहींनी मृत माणसाच्या राजकारणावर टीका केली होती, इतकंच. गंमत अशी की १९९८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या बाजूने बडतर्फी मागणारे आणि २०२५ मध्ये कर्क यांच्या बाजूने मागणारे एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे, पण ज्या निकालांचा आधार घेतात ते तेच.

नोंदीचं छायाचित्र काढायचं, लिहिणाऱ्याची शाळा शोधायची, तिचा नंबर हजारो लोकांना वाटायचा. संध्याकाळपर्यंत शाळेचा फोन थांबत नाही. ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीत, जे त्या राज्यातही राहत नाहीत, तेही फोन करतात. दुसऱ्या दिवशी शाळा सांगते, कामात अडथळा येतोय. येतोच, खोटं नाही. फक्त तो शिक्षकाच्या वर्गातून आलेला नाही.

काढलेल्यांपैकी अनेक जण न्यायालयात गेले. तिथे पिकरिंगचाच तराजू निघतो, आणि शाळांचे वकील दुसऱ्या पारड्यात पहिली वस्तू टाकतात ती आलेल्या फोनची यादी.