शनिवारच्या मॅडम

नमस्कार श्रोते हो.

दहावी-बारावीचे निकाल लागले, पेढे वाटून झाले, आणि आता घराघरात एकच चर्चा चालू आहे: पोरीचं पुढं काय? गणितात मार्क चांगले आहेत, तर डिप्लोमाला घालायची, इंजिनिअरिंगला घालायची, की सरळ बी.एस्सी. करू दे? आणि घालायची ठरली तर खर्चाचं काय?

मी सव्वीस वर्षं मुलींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. त्यातली शेवटची बारा वर्षं माझ्याकडे टीपीओचं काम होतं. म्हणजे कंपन्यांशी बोलायचं, मुलींसाठी शिष्यवृत्त्या आणायच्या, प्रशिक्षण आणायचं, नोकऱ्या आणायच्या. या कामातून मला जे कळलं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मध्येच उठून गेलं तरी हुकायचं नाही. कंपनीनं मुलींच्या शिक्षणाला पैसे द्यावेत, जरूर द्यावेत. पण पैशाबरोबर माणूसही द्यावा. परत सांगते, पैशाबरोबर माणूस.

उद्योगपतींनी मुलींच्या शिक्षणाला हात देणं आपल्याकडे नवं नाही. कर्वेअण्णांनी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी, १८९६ साली पुण्यात विधवांसाठी संस्था काढली आणि १९०० साली ती हिंगण्याच्या माळावर नेली. पुढं १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं. त्या विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले. मुंबईचे गिरणीमालक ते. आज आपण त्या विद्यापीठाला एसएनडीटी म्हणतो, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. त्यातलं नाथीबाई हे त्यांच्या आईचं नाव. १९२० सालचे १५ लाख म्हणजे केवढी रक्कम, याचा विचार करा. पण ती रक्कम यायच्या कितीतरी आधीपासून तिथं माणसं राबत होती. अण्णा स्वतः हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला चालत जात. पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत. आधी माणसं होती, मग पैसा आला.

त्याच हिंगण्यात, म्हणजे आताच्या कर्वेनगरात, १९९१ साली कर्वे संस्थेनं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीच्या साहाय्यानं. कंपनीचं नावच कॉलेजला आहे. तेव्हा लोक विचारायचे, मुलींनी इंजिनिअर होऊन करायचं काय? त्याआधी सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे. टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं, आणि सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, नावाच्या मुलीनं थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. तिला पुण्यात मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी मिळाली. तेव्हा पोस्टकार्डावर काम भागलं, कारण ते वाचणारं माणूस पलीकडे होतं.

आता कायदाही आहे. २०१३ चा कंपनी कायदा, १ एप्रिल २०१४ पासून लागू. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. म्हणजे पैसा आहे, आणि तो मुलींच्या शिक्षणाकडे येतोही आहे. याहून जास्त कायदा मी सांगत बसत नाही.

आता ती गोष्ट. ही मी सावकाश सांगणार आहे, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं हिच्यात आलंय.

पंधरा-सोळा वर्षं झाली. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे पहिल्या वर्षाला आली. नाव सांगत नाही. बारावीला गणितात ९४. वडिलांची तीन एकर जमीन, एक विहीर, चार शेळ्या. त्या वर्षी एका कंपनीनं आमच्या वीस मुलींची फी भरली होती, हॉस्टेल आणि मेससकट. आणि करारात एक ओळ होती, जिच्याकडे आमचं कुणाचंच फारसं लक्ष गेलं नव्हतं. दर दोन मुलींमागं कंपनीतली एक इंजिनिअर, महिन्यातले दोन शनिवार.

पहिल्या सत्रात सी प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेचा, पेपर होता. या मुलीला १०० पैकी १९. बाकीच्या बऱ्याच जणींच्या घरी कॉम्प्युटर होता. हिनं माउस पहिल्यांदा हातात धरला तो आमच्या लॅबमध्ये. विचारायचं कुणाला? शेजारच्या मुली आपसात इंग्रजीत बोलतायत, सर तीन धडे पुढं गेलेत. हिनं विचारणंच सोडून दिलं.

एका शुक्रवारी रात्री हॉस्टेलच्या रेक्टरबाईंचा फोन आला. ‘मॅडम, तिनं ट्रंक भरलीय. सकाळच्या दहिवडी गाडीनं जाते म्हणतेय.’ मी गेले. खूप समजावलं. अभ्यास कर, जास्तीचे तास घेऊ, सगळ्यांना आधी अवघड जातं, जे आपण मास्तर लोक बोलतो ते सगळं बोलले. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘मॅडम, मला ते डोक्यात शिरतच नाही. अप्पांचे पैसे नाहीत म्हणून काय झालं, कंपनीचे तरी कशाला वाया घालवू?’

मला काही सुचेना. मी तिच्या त्या कंपनीतल्या मॅडमना फोन लावला. तिशीच्या असतील. तो शनिवार त्यांचा नव्हता. तरी सकाळी साडेसातला स्कूटीवरून हजर. आम्ही तिघी मेसमध्ये बसलो, त्या दिवशी पोहे होते. मला वाटलं, आता या सी भाषा समजावणार. त्यांनी कॉम्प्युटरचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, ‘घरी तुझ्याकडं कुठलं काम असतं?’

ती म्हणाली, ‘मोटार चालू करायचं.’

आता श्रोत्यांत शेतकरी असतील, त्यांना हे सांगायला नको. एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्री साडेबाराला मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट आली की कुणीतरी विहिरीवर जायचं. तिच्या अप्पांना रात्रीचं नीट दिसायचं नाही. म्हणून आठवीपासून बॅटरी घेऊन हीच जायची.

मॅडम म्हणाल्या, ‘मला नाही येत मोटार चालू करता. मला लिहून दे. असं लिही, की मी एकटी रात्री विहिरीवर गेले तरी माझ्या हातनं मोटार जळू नये.’

तिनं वहीतला मधला जोडकागद काढला आणि लिहायला लागली. एवढ्या दिवसांत मी तिला इतकं भराभर लिहिताना पाहिलं नव्हतं. तो कागद मला अजून दिसतो. निळं पेन, उभं अक्षर, पोह्याचं तेल लागून एक कोपरा पारदर्शक झालेला. लिहिलं होतं ते असं:

‘पेटीवरचे तीन दिवे बघा. तिन्ही लागले असतील तर हिरवं बटण दाबा. एक जरी विझलेला असेल तर दाबू नका, मोटार जळेल. दहा मिनिटं थांबून परत बघा. तिन्ही दिवे लागेपर्यंत असंच करत राहा. मोटार चालू झाली की पाइपाच्या तोंडाशी जा. शंभर आकडे मोजा. तोवर पाणी पडलं नाही तर पळत येऊन लाल बटण दाबा. पाइपाच्या तळाच्या फुटव्हॉलमधून पाणी उतरलं असेल. पाणी भरा आणि पहिल्यापासून सुरू करा.’

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मग पर्समधून लाल पेन काढलं. ‘लागले असतील तर’ याच्या खाली रेघ, शेजारी लिहिलं, इफ. ‘विझलेला असेल तर’, शेजारी एल्स. ‘तिन्ही दिवे लागेपर्यंत असंच करत राहा’, शेजारी व्हाइल. ‘शंभर आकडे मोजा’, शेजारी फॉर. हे सगळे सी भाषेतले शब्द. कागद तिच्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, ‘यात एकही वाक्य चुकलेलं नाही. तुझे सर परीक्षेत हेच विचारतात. इंग्रजी शब्द थोडेच आहेत, ते आज करून टाकू.’

ती कागदाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, ‘आणि लाईट मध्येच गेली तर? ते मी लिहिलंच नाही.’ मॅडम म्हणाल्या, ‘बघ, आता तूच माझ्यापुढं गेलीस.’

दहिवडीची गाडी गेली. दुपारपर्यंत त्या दोघी लॅबमध्ये होत्या आणि लॅबच्या दादांनी शनिवार असून कुलूप लावलं नाही, हेही सांगायला पाहिजे.

पुढं ती वर्गात पहिली वगैरे आली नाही. फेरपरीक्षेत ५२ मिळाले. पण चार वर्षांत व्यवस्थित पास झाली. आज ती पुण्यातच गाड्यांच्या इंजिनाच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिते. इंजिनातल्या तेलाचा दाब उतरला तर काय करायचं, आधी इशारा द्यायचा की थेट बंद करायचं, हे ठरवणाऱ्या ओळी. मला तिनं समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, ही तर तुझी विहिरीवरची मोटारच आहे.

आता बघा, श्रोते हो. तिची फी तर भरलेलीच होती. हॉस्टेल, मेस, सगळं भरलेलं. आणि तरीही ट्रंक भरलेली होती. त्या दिवशी तिला थांबवलं ते आपला शनिवार नसताना आलेल्या एका बाईनं. म्हणून म्हणते, पैशाबरोबर माणूस.

पुढचंही सांगते, कारण ते मला सलतं. दोन-तीन वर्षांनी त्या कंपनीत हे काम बघणारी माणसं बदलली. नवा करार आला. पैसे वाढले, मुलींची संख्या वाढली आणि शनिवार गेले. त्याऐवजी व्हिडिओ आले, घरबसल्या बघायचे आणि शेवटी प्रमाणपत्र. करारावर सही झाली त्या बैठकीत मी होते आणि मी गप्प बसले. मिळतंय ते फुकट मिळतंय, त्यावर आपण काय बोलायचं, असं वाटलं. चुकलं माझं. त्या वर्षी पहिल्या सत्रानंतर चार मुली घरी गेल्या. मला कळलं तेव्हा त्यांच्या खोल्या दुसऱ्या मुलींना देऊनही झाल्या होत्या.

कंपन्यांच्या कार्यक्रमांविषयी आणखी एक, हे विषयाला थोडं सोडून आहे, पण बोलते. ते पुष्पगुच्छ बंद करा. व्यासपीठावर सात पाहुणे, सात पुष्पगुच्छ, संध्याकाळी सगळे कचऱ्याच्या डब्यात. एका पुष्पगुच्छाच्या पैशात वीज मोजायचा साधा मल्टीमीटर येतो. पाहुण्यांच्या हातून एकेका मुलीला मल्टीमीटर द्या, ती तो दहा वर्षं वापरेल. आणि ८ मार्चला इंजिनिअरिंगच्या मुलींची रांगोळी स्पर्धा कशाला? त्या दिवशी त्यांना कारखाना दाखवा. अख्खा दिवस दाखवा, असेंब्ली लाइनपासून कँटीनपर्यंत.

एसटीचे आभारही मानायचेत मला. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून महिन्यातून एकदा घरी जाणाऱ्या मुली दोनदा जायला लागल्या. घरी जाता आलं की मुलगी टिकते. हे माझं मत आहे आणि ते मी कुठल्याही बैठकीत मांडते.

चांगलं काम चाललेलं आहे, तेही सांगते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची विज्ञान ज्योती योजना आहे, नववी ते बारावीच्या मुलींसाठी, नवोदय विद्यालयांमधून चालते. आयबीएम कंपनी तिच्यात भागीदार झाली. नववीपासून सुरुवात, हे मला फार पटलं, कारण आमच्याकडे मुलगी येते तोवर भीती बसलेली असते. २०२१ साली मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी या दोन कंपन्यांनी मिळून टेकसक्षम नावाचा उपक्रम सुरू केला. ६२ हजार तरुणींना शिकवायचं उद्दिष्ट ठेवलं. मोठा आकडा आहे, आनंद आहे. यांतल्या जास्तीत जास्त मुलींना शनिवारच्या मॅडम मिळोत.

कंपन्यांत काम करणारे कुणी आत्ता गाडीत ऐकत असाल, तर तुमच्याकडे एकच मागणं. महिन्यातले दोन शनिवार. जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये जा, आयटीआयमध्ये जा. तयारी काही करू नका. जाऊन विचारा, घरी तुझ्याकडं कुठलं काम असतं?

आता पालकांसाठी, कागद-पेन घ्या. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. पण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. परत सांगते, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. दुसरं, एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती, डिग्री आणि डिप्लोमा दोन्हींना, वर्षाला ५० हजार रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्नाची अट तीच ८ लाखांची. हॉस्टेल, मेस आणि लॅपटॉपला हे पैसे उपयोगी पडतात. मुलीला मोबाइल महागातला घेऊ नका, त्या पैशात जुना का होईना, लॅपटॉप घ्या.

उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल आजच काढायला टाका. जुलैत सेतू केंद्रावर रांग लागते. मुलीचं बँक खातं तिच्या स्वतःच्या नावानं उघडा आणि आधारला जोडून घ्या, त्यावाचून पैसे अडकतात.

आणि कॉलेज बघायला गेलात की प्लेसमेंटचा फलक वाचून परत येऊ नका. टीपीओच्या खोलीत जा आणि विचारा, इथं कंपनीतलं कोण येऊन मुलींना भेटतं, आणि वर्षातून किती वेळा?

नमस्कार.