पट्टीचा पोहणारा विहिरीत का बुडाला?

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी १३ वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे वडील आणि आजी माझ्याकडे आले. शाळेच्या शर्यतीत धावता धावता ती कोसळली होती. त्याआधीही दोनदा तिची शुद्ध हरपली होती आणि फिट्सच्या गोळ्या वर्षभर चालू होत्या. धावताना किंवा खेळताना मूल बेशुद्ध पडले, तर फिट्सची गोळी लिहिण्याआधी ईसीजी काढलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे; तो आता तालुक्याच्या गावातही निघतो.

तिच्या ईसीजीचा गुलाबी कागद पसरून मी बारीक चौकटी मोजल्या. ठोका दिल्यानंतर हृदयाचे विद्युतचक्र पूर्ववत होईपर्यंतचा अवधी, ज्याला आम्ही क्यूटी म्हणतो, तो तब्बल १३ चौकटी भरला. एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. नाडीचा वेग हिशेबात धरूनही हा अवधी फार लांब होता.

“घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का?” असे मी विचारले. वडील “नाही” म्हणाले. मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या आजी मात्र हळूच म्हणाल्या, “माझे धाकटे दीर विहिरीत गेले, डॉक्टर. विशीसुद्धा उलटली नव्हती. पट्टीचे पोहणारे होते हो. विहीर वाईट म्हणून गावानं ती बुजवली.” “पण ते बुडाले, आई,” वडील म्हणाले, “त्यांना हृदयविकार कुठं होता?”

त्या तरुणाचे निदान आज कोणीच करू शकणार नाही. परंतु लाँग क्यूटी, म्हणजे हा अवधी लांबण्याचा आनुवंशिक आजार, त्याच्या पहिल्या प्रकारात पोहतानाच ठोके बिघडण्याचा धोका मोठा असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. मुलीच्या रक्ताची जनुकीय तपासणी केली, तेव्हा केसीएनक्यू-१ या जनुकात दोष सापडला. त्यानंतर तेवढाच दोष घरच्यांत शोधला. वडिलांमध्ये तो निघाला, आणि त्यांचा ईसीजी जवळजवळ नॉर्मल होता! मोठा भाऊ मोकळा निघाला.

हा क्रम ध्यानात ठेवावा: आधी आजारी माणसाची तपासणी, मग नातेवाइकांची. आजारी व्यक्तीमधला दोष माहीत नसेल, तर धडधाकट नातेवाइकाच्या ‘दोष नाही’ अशा अहवालावर विसंबता येत नाही. दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो वा मुलगी. अहवालात अर्थ अनिश्चित असलेला बदल आला, तर तेवढ्यावरून उपचार ठरवू नयेत. पुन्हा सांगतो, आधी आजारी माणूस, मग नातेवाईक.

मुलगी आता बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा ॲड्रेनलिनचा मारा कमी करणारी गोळी, रोज घेते, आणि क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची यादी तिच्या दप्तरात असते, कारण काही साधी प्रतिजैविकेही त्या यादीत आहेत. आजींच्या दोन नणंदा हयात आहेत. त्यांच्या मुला-नातवंडांसह ११ जणांची नावे आजींनी शेजारच्या मुलाकडून वहीच्या पानावर लिहवून आणली. त्यांपैकी चौघांची तपासणी झाली आहे.